संगीत नाटकाची पदं आणि चाली, दोन्ही एकाच माणसानं करायचं तर सुरुवात कुठून?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेसाठी नवं संगीत नाटक बसतंय. दोन अंक, सात पात्रं, त्यातली तीन गाणारी. पुरुषाची पट्टी (पेटीवरचा त्याचा षड्ज) काळी एक, एका बाईची काळी तीन, दुसरीची काळी चार. संहिता तयार आहे. पदं लिहिणं आणि चाली बांधणं दोन्ही माझ्याकडे आलंय. पेटी वाजवता येते, तालाचं अंग आहे, छंदांचं ज्ञान मात्र शाळेपुरतंच.

प्रश्न असे: आधी शब्द करायचे की आधी चाल? अडीच तासांच्या नाटकात पदं किती ठेवायची? तिघांच्या तीन पट्ट्या आहेत, त्याचं काय करायचं? आणि हे काम पुढेही करत राहायचं म्हटलं तर कागदपत्रं कशी असावीत, पोट चालेल का?

दुसऱ्या अंकातला एक प्रवेश लोंढा जंक्शनवर रात्री घडतो. तिथली साकी (संगीत नाटकातला एक पद्यप्रकार) नमुन्याला देतो:

गाडी गेली, शीळ राहिली, फलाट उरला मागे
कंदील हाती धरून कोणी अजून तेथे जागे

पहिली ओळ केरवा तालात सरळ बसते. दुसरी दर वेळी अडखळते, तबलजी म्हणतो माझं चुकतंय. का, ते समजेना.

---

पायपेटी

अडखळणारच की. तबलजीचं बरोबर आहे. साकीची एक ओळ २८ मात्रांची, १६ वर यती (थांबा), मग १२. लघु अक्षराची १ मात्रा, गुरूच्या २. आता मोजा.

गाडी ४, गेली ४, शीळ ३, राहिली ५. झाल्या १६. फलाट ४, उरला ४, मागे ४. झाल्या १२. पहिली ओळ चोख.

दुसरी: कंदील ५ (कं २, दी २, ल १), हाती ४, धरून ४, कोणी ४. झाल्या १७. ती एक मात्रा गाणारा कुठेतरी गिळतो आणि तबलजी सम (तालाची पहिली मात्रा) शोधत बसतो. 'कंदिल' असं ऱ्हस्व करा, ४ मात्रा होतात, ओळ १६ वर येते. पद्यात एवढी सूट आपल्याकडे पूर्वीपासून आहे. पण वहीत 'कंदिल' असंच ऱ्हस्व लिहून ठेवा. 'कंदील' लिहिलंत तर पुढचा गायक दीर्घच म्हणणार आणि पुन्हा तीच रड.

केरवा ८ मात्रांचा. पहिल्या १६ मात्रा म्हणजे बरोब्बर दोन आवर्तनं. पुढच्या १२ मध्ये दीडच आवर्तन भरतं, म्हणून 'मागे'मधल्या 'गे'वर आणखी ४ मात्रा थांबायचं. तिथेच गाणाऱ्याला श्वास मिळतो आणि पेटीवाल्याला एक छोटी जागा. कोणी म्हणेल २८ म्हणजे १४ दुणे, दीपचंदीत घ्या. हिशेब जुळतो, पण यती १६ वर आहे, म्हणजे ती दुसऱ्या आवर्तनाच्या दोन मात्रा उलटल्यावर येते. वाक्य एकीकडे तुटतं, ताल दुसरीकडे. ऐकायला फार वाईट लागतं.

तुमच्या कामात लागतील ते बाकीचे साचे. दिंडी १९ मात्रांची, ९ वर यती, मग १०. दादऱ्यात (६ मात्रांचा ताल) घ्यायची तर पहिल्या तुकड्याला ३ आणि दुसऱ्याला २ मात्रांची ओढ द्या, १२-१२ होतात. अंजनीगीत १६-१६-१६-१०. चौथी ओळ तोकडी असते, तिच्यामुळे ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं वाटतं. दुःखाच्या प्रवेशाला ते फार कामाला येतं. छोटा अभंग आठ-आठ अक्षरांचा, मोठा ६-६-६-४. तो अक्षरांवर मोजायचा, मात्रांवर नाही. इथेच पुष्कळांची गल्लत होते.

शब्द आधी की चाल आधी? आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे. 'शाकुंतल' १८८० ला आणि 'सौभद्र' १८८२ ला रंगभूमीवर आलं. पदं त्यांची आणि चालींची निवडही त्यांचीच. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, लावणीच्या चाली, कानडी चाली, कानावर आलेलं सगळं त्यांनी वापरलं. छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाची सुरुवात दिलेली असते, ती पाहा. म्हणजे साचा आधी आणि शब्द त्यात, पण साचा कोणता घ्यायचा ते प्रसंगावरून ठरायचं.

माझं मत असं: आधी प्रसंग, मग ताल, मग धृपदाची (पदात पुन्हा पुन्हा येणाऱ्या तोंडाची) एकच ओळ शब्द आणि चाल मिळून एकत्र करायची. ती ओळ पेटीवर वीस वेळा वाजवा. टिकली तरच अंतरा लिहा. अंतरा आधी लिहून ठेवणारे पुढे धृपद अंतऱ्याला ठिगळ लावल्यासारखं लावतात.

पदांची संख्या. 'शाकुंतला'त ती दोनशेच्या घरात होती, प्रयोग रात्रभर चालायचे. आज ते शक्य नाही. शिवाय यात्रेत उघड्यावर प्रयोग असेल तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवाला १२ पर्यंत सूट देता येते, तीही वर्षातून १५ दिवसच. सूट मिळेल या भरवशावर नाटक बांधू नका. १५० मिनिटं धरा. ८ पूर्ण पदं, प्रत्येकी साडेतीन मिनिटं, झाली २८. साक्या, दिंड्या, ओव्या मिळून ६, प्रत्येकी मिनिटभर. नांदी (सुरुवातीचं मंगलगीत) आणि भरतवाक्य (शेवटचं गीत) यांची ५. एकूण ३९ मिनिटं. वन्समोरला ६ मिनिटं राखून ठेवा. पाहुण्यांची भाषणं आणि नारळ फोडणं याचा वेळ यात धरलेला नाही, तो आयोजकांकडून आधीच लिहून घ्या.

---

मात्रागण

पायपेटींचा मात्रांचा हिशेब बरोबर. पण 'शीळ' तशीच का सोडली?

'शीळ'मध्ये एक तर 'ई', आणि लगेच पुढे 'ळ'. ओळीतला वरचा सूर तिथेच येणार, कारण 'गाडी गेली'नंतर चाल चढणार हे उघड आहे. 'ई'वर गळा आवळतो, आणि 'ळ'साठी जीभ मागे वळली की सूर तुटतो. हौशी गायिका तिथे हमखास चिरकणार. 'हाक राहिली' करा. हाक ३, शीळ ३, मात्रा तेवढ्याच. 'हा'वर आवाज मोकळा सुटतो. अर्थही सुधारतो. शीळ इंजिनाची असते, हाक माणसाची, आणि पुढच्या ओळीत कंदिल धरून उभा आहे तो माणूसच.

हीच चाचणी प्रत्येक पदाला लावा. तार षड्जावर आणि त्याच्या वर 'आ', 'ए', 'ओ' ठेवा. 'ऊ' आणि 'ई' खाली आणा. जोडाक्षर वर नको. 'ट', 'ठ', 'ढ' द्रुत लयीत शोभतात, विलंबित ओढीत नाही. ताना घ्यायच्या तर त्या अक्षराच्या पुढचं अक्षर मृदू हवं, म्हणजे तानेतून उतरताना ठेच लागत नाही.

आता मतभेदाचं. धृपद शब्द-चाल एकत्र, हे साकीला ठीक. रागदारीच्या पदाला चाल आधीच लागते. 'मानापमान' (१९११) पाहा. चाली गोविंदराव टेंबे यांच्या आणि पदं नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची. 'स्वयंवर'ला (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, त्यात बंदिशींचा आधार मोठा. खाडिलकरांनी त्या सुरावटींवर शब्द बसवले. गाणं असं उभं राहिलं की आजही मैफिलीत म्हणतात. त्याची किंमतही दिसते: काही ओळींचा अन्वय लावायला दोनदा वाचावं लागतं. रंगमंचावर प्रेक्षकाला दोनदा ऐकायला मिळत नाही. 'स्वयंवर'च्या प्रेक्षकाला रुक्मिणीची कथा आधीच ठाऊक होती, म्हणून ते चाललं. लोंढ्याच्या फलाटावरचं तुमचं नाटक कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून ठरवा, कथा पुढे नेणारं पद असेल तर शब्द आधी. पात्र एका जागी थांबून मन मोकळं करतंय तर चाल आधी चालेल. सगळी आठच्या आठ पदं दुसऱ्या जातीची झाली की नाटक थांबतं आणि मैफल सुरू होते. संगीत नाटक कंटाळवाणं म्हणतात ते यामुळेच, गाण्यामुळे नव्हे.

आणि एक. अनुप्रासाच्या मागे धावताना बोलीचा बळी देऊ नका. तुमची पात्रं खानापूरची. संवादात 'काय ओ, कुठं निघालासा' म्हणणारा माणूस पदात 'मम हृदयी' म्हणू लागला तर पोरं मागून शिट्ट्या मारतील. शिट्ट्या माराव्यात सुद्धा.

---

काळीपांढरी

पट्ट्यांचं सांगतो. तुमचे तीन आवाज नशिबानं फार सोयीचे जमले आहेत.

काळी एक षड्ज धरला तर काळी तीन त्याचा मध्यम आणि काळी चार त्याचा पंचम. आता पुरुषाला बिलावल थाटात (सगळे शुद्ध सूर) पद द्या. त्याच पट्ट्या, तेच सूर, पण पहिल्या बाईनं काळी तीन षड्ज मानून म्हटलं की तेच सूर कल्याण थाटाचे होतात, म्हणजे यमन हाताशी आला. दुसरीनं काळी चार षड्ज मानला की तेच खमाज थाटाचे. पेटीवाल्याला एकही नवीन पट्टी शोधावी लागत नाही. पुरुषाचा अंतरा संपला, पेटीनं मध्यमावर विसावा घेतला, आणि तो मध्यमच तिचा षड्ज झाला. संवादी पदाला याहून सोपा पूल नाही. हे नुसतं थाटाचं गणित आहे एवढं ध्यानात ठेवा. राग दिसायचा तर चलन तुम्हालाच बांधावं लागेल. नाहीतर तिघं एकाच सुरावलीत तीन ठिकाणांहून फिरतायत एवढंच ऐकू येईल.

तबला. काळी एकला लावलेला तबला काळी तीनवालीला पंचमाचा होतो, चालून जातो. काळी चारवालीला तोच मध्यमाचा. मध्यम ठळक असलेल्या रागात खपेल, यमनात अजिबात नाही. तिच्यासाठी काळी चारचा वेगळा तबला लावून बाजूला झाकून ठेवा. प्रवेश चालू असताना हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसणं म्हणजे करुण प्रवेशाचा फार्स. एकच तबला अर्ध्या सुरापेक्षा जास्त ओढू नका, पुडी बसते किंवा फाटते.

पेटी जुनी असेल तर आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापाला बहुधा जुळणार नाही. मोबाइलवरचा तानपुरा लावताना पेटीला मोबाइल जुळवा. मोबाइल सेंट-सेंटनं (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) सरकतो, पेटी जागेवर सरकत नाही. उलटं करायला गेलात तर पूर्ण प्रयोगभर एक घरघर कानाला लागते आणि सगळे ध्वनिक्षेपकवाल्याला दोष देतात. विजेवरचा तानपुरा असेल तर बॅटरीचा जोड हवा, यात्रेत वीज कधी जाईल सांगता येत नाही.

सर्वांत जास्त चुका होतात त्या पदाच्या तोंडाशी. संवाद म्हणत असलेल्या माणसाला एकदम षड्ज सापडत नाही. म्हणून पदाच्या आधीच्या दोन वाक्यांखाली पेटीवाल्यानं षड्ज हलका धरून ठेवायचा. हे वादकाच्या वहीत असं लिहा: डाव्या रकान्यात सूचनेचं वाक्य (शेवटचे तीन शब्द पुरतात), मग पद, पट्टी, ताल, लय, कडवी किती, वन्समोर घ्यायचा की नाही. उजवीकडे भातखंडे पद्धतीनं स्वरलेखन, समेला फुली, कालाला (खालीला) शून्य, खंडाच्या उभ्या रेघा. निव्वळ फोनवरच्या ध्वनिमुद्रणावर विसंबू नका. ते ऐकून वादक चाल शिकतो, पण कुठे कापायचं ते शिकत नाही.

आवाका. हौशी गळ्याला मंद्र पंचम ते तार गंधार, त्यापुढे नको. तार गंधार एका पदात दोनदा, त्याहून जास्त नाही, आणि पद संपल्यावर लगेच त्याच पात्राला लांब संवाद देऊ नका. धाप ध्वनिक्षेपकातून ऐकू जाते.

---

मलप्रभाकाठ

'हाक' घेतली. 'कंदिल' ऱ्हस्व करून वहीत घातला. एक शंका: भरतवाक्याला तिघंही एकत्र आहेत. मग पट्टी कुणाची?

---

काळीपांढरी

पुरुषाची, काळी एक. पण चाल षड्ज ते पंचम या पाच सुरांतच ठेवा. काळी तीनवालीला ती तिच्या पंचमापासून तार रिषभापर्यंत येते, काळी चारवालीला मध्यमापासून तार षड्जापर्यंत. दोघींच्या मोकळ्या आवाजाची जागा. पुरुष खालच्या सप्तकात जाड राहील, भरतवाक्याला ते बरंच वाटतं. या पाच सुरांबाहेर शक्यतो जाऊ नका, धैवत म्हणजे काळी तीनवालीचा तार गंधारच.

---

चंदगडी वाट

पोटाचा प्रश्न कोणी घेतला नाही, म्हणून.

नुसत्या पदांवर आणि चालींवर या पट्ट्यात घर चालत नाही. किर्लोस्करांनीही 'शाकुंतल' सरकारी कचेरीतली नोकरी सांभाळूनच उभं केलं. गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकले, तिथेच शिक्षकी केली. म्हणून नोकरी सोडायचा विचार पहिल्या नाटकावर करू नये. जोडीला जे येतं ते असं: पेटीची साथ, भजनी मंडळांना चाली, शाळेच्या स्नेहसंमेलनातली बालनाट्यं, नृत्यनाट्याचं संगीत, स्पर्धेच्या एकांकिकांना पार्श्वसंगीत. महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकाचा स्वतंत्र विभाग असतो आणि संगीत दिग्दर्शनाला वेगळं बक्षीस. कोल्हापूर-सांगलीकडची मंडळी पदकार शोधतात ते तिथूनच.

हात घडवायचा तर एक जुना अभ्यास सांगतो. ब्रॉडवेचे स्टीफन सोंडहाइम शब्द आणि संगीत दोन्ही स्वतः करायचे. लहान वयातच त्यांना ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी चार संगीतिका लिहायला लावल्या: पहिली आवडत्या चांगल्या नाटकावर, दुसरी ज्यात काहीतरी फसलंय अशा नाटकावर, तिसरी नाटक नसलेल्या कथा-कादंबरीवर, चौथी पूर्ण स्वतःची. तरी १९५७ मध्ये ब्रॉडवेवर त्यांचे आले ते फक्त शब्द, संगीत दुसऱ्याचं होतं. शब्द आणि संगीत दोन्ही त्यांचं असलेलं पहिलं नाटक १९६२ ला आलं. देवलांची वाट काढून बघा, फार वेगळी नाही. 'दुर्गा' (१८८६) इंग्रजी नाटकावरून, 'मृच्छकटिक' (१८८७) संस्कृतवरून आणि स्वतंत्र 'शारदा' त्यानंतर बारा वर्षांनी, १८९९ ला. 'शारदा'त माणसं घरातल्यासारखी बोलतात, पदंसुद्धा. एवढं साधं लिहायला आधी दुसऱ्याच्या नाटकावर हात बसवावा लागतो.

तुम्ही दुसरा अभ्यास आधी करा. गावातलं एखादं पडलेलं नाटक घ्या आणि ते कुठे पडलं ते पदांच्या जागा बदलून शोधा. बहुतेक वेळा असं सापडेल की पद एक वाक्य उशिरा येतं. पात्राने 'मी जाते' असं बोलून दाखवलं आणि मग जाण्याचं पद म्हटलं तर पदाला काम काय उरलं? ते वाक्य काढा, पदालाच बोलू द्या.

कानही तयार ठेवा. गोकाक-अथणीकडे पारिजाताचे ('श्रीकृष्ण पारिजात' या कानडी लोकनाट्याचे) खेळ होतात, त्यात भागवत (सूत्रधार) आणि दूती यांच्यातली गाण्याची देवाणघेवाण ऐका. सवाल गाण्यात, जवाब बोलण्यात, हा खेळ मराठी पदाला फार उपयोगी आहे. सीमेवर राहून कानडी चाली न ऐकणं म्हणजे विहिरीवर बसून तहानेनं मरणं.

---

कागद पक्का

फक्त कागदांचं बोलतो.

एक, मालकी. तुम्ही मंडळाचे पगारी नोकर नाही, म्हणून शब्द आणि स्वररचना दोन्हींचे पहिले मालक तुम्हीच. पदांवर नाटककाराचा आपोआप हक्क नाही. लेखी हस्तांतर केलं तरच हक्क जातो, तोंडी 'तुमचंच समजा' याला काही किंमत नाही.

दोन, करार. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. करारात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर तो परत येतो, फक्त करारात वेगळं लिहिलेलं नसावं. म्हणून चार गोष्टी स्पष्ट लिहा: कोणत्या नाटकासाठी, किती वर्षं किंवा किती प्रयोग, ध्वनिमुद्रण-चित्रण यात आहे की नाही, आणि पैसे कसे. पैशाचे दोन भाग करा. कामाचे एकरकमी, आणि तिकीट लावलेल्या प्रत्येक प्रयोगामागे वेगळे, पडदा उघडण्याआधी. पूर्ण उधारीवर पहिला प्रयोग केला की दुसऱ्या प्रयोगाला फोन उचलत नाहीत. यूट्यूबवर चढवायचं की नाही ते आधीच ठरवा, प्रयोगानंतर भांडण त्यावरच होतं.

तीन, सूट. हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेला प्रयोग किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठीचा प्रयोग यांना कायद्यानं सूट आहे. यात्रेतला फुकट प्रयोग शेजारच्या गावच्या मंडळानं केला तर बहुधा काही मागता येणार नाही. म्हणून मंडळाला वहीची प्रत देताना पदांखाली आपलं नाव घाला. पैसे नाहीत तरी नाव राहावं.

चार, नोंदणी. सक्तीची नाही, पण वादात कामाला येते. शब्द साहित्यकृती आणि चाल संगीतकृती, म्हणून दोन वेगळे अर्ज, नमुना १४, प्रत्येकी ५०० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबतात. चालीबरोबर स्वरलेखन जोडता येतं. वर काळीपांढरींनी सांगितलेली वही नीट केली असेल तर हे काम अर्धं झालंच.

पाच, जुन्या चाली घेणं. हक्काची मुदत लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मृत्यूच्या पुढल्या वर्षारंभापासून मोजायची. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांची पदं मोकळी झाली आहेत. गोविंदराव टेंबे १९५५ ला गेले, त्यांच्या चाली २०१५ अखेर मोकळ्या झाल्या. संगीतकार मास्टर कृष्णराव १९७४ ला गेले, त्यांच्या २०३४ अखेरपर्यंत नाहीत. संगीतकार जितेंद्र अभिषेकी १९९८ ला गेले, म्हणजे त्यांच्या 'मत्स्यगंधा' किंवा 'कट्यार'च्या चालीवर आपले शब्द घालून तिकीट लावायचं असेल तर २०५८ अखेरपर्यंत परवानगी हवी. जुनी चाल मोकळी असली तरी एखाद्या कंपनीचं तिचं ध्वनिमुद्रण मोकळं असेलच असं नाही. नाटकात तबकडी वाजवायची असेल तर तो हक्क वेगळा.

सहा, वसुली संस्था. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस आहे, १९६९ पासून. रेडिओ, टीव्ही, कार्यक्रम, इंटरनेट यावर गाणं वाजलं तर तिथून मानधन येतं, सदस्य व्हा. नाटक म्हणून होणाऱ्या प्रयोगाचे पैसे मात्र तुमच्या स्वतःच्या करारातून घ्या, तिथून येतील म्हणून बसू नका.

सात, सीमा ओलांडणं. प्रयोग चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला न्यायचा तर महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहितेबरोबर पदंही द्यावी लागतात. म्हणून पदं पक्की झाल्यावरच पाठवा. प्रमाणपत्र मिळाल्यावर धृपद बदललं तर तो बदलही पुन्हा दाखवावा लागतो. बेळगावात तीन प्रयोग करून घ्या, गायकांच्या तोंडी शब्द बसू द्या, मग पाठवा.

---

मात्रागण

कागद पक्का, तुमच्या पाचव्या मुद्द्यात एक भर. 'चाल अमुकची' असं आपल्या पदावर छापताना मूळ पदकाराचं आणि चाल देणाऱ्याचं, दोन्ही नावं घाला. बहुतेक जण पदकाराचं घालतात आणि चालवाल्याला विसरतात.

मलप्रभाकाठ, दुसऱ्या ओळीत 'धरून' आणि 'अजून' असे एकाच मापाचे शब्द आलेत, दोन्ही लघु-गुरु-लघु. दोन्हींवर ठेका एकसारखा पडतो. चालीत 'अजून' एक मात्रा उशिरा उचलून बघा, 'कोणी'वर ती मात्रा जास्त थांबून. कंदिल धरलेला माणूस तिथे दिसतो.

---

मलप्रभाकाठ

करून बघितलं. 'कोणी'वर थांबल्यावर 'अजून' घाईत जातं, 'जागे'ची समही सरकते.

---

पायपेटी

'अजून'मधला 'अ' अर्ध्या मात्रेत घ्या, 'तेथे'तला पहिला 'ते' दीड मात्रेत. गेलेली मात्रा तिथे भरून निघते. समेला 'जा' येईल. तबलजीला सांगू नका, त्याला साधा केरवाच वाजवू द्या.